जांभळं की गुलाबी

सरांनी उभ्या आयुष्यात एकाही स्लाइडचा रंग स्वतःच्या तोंडाने सांगितला नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने असं वागावं म्हणजे सोनाराने सोन्याला हात न लावण्यातला प्रकार. कारण आमच्या विषयाचा श्रीगणेशाच रंगाने होतो. काचेच्या पट्टीवर जिवाणू पसरायचे, चार बाटल्यांतले चार द्राव ओळीने ओतायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. जांभळे दिसले तर एक घराणं, गुलाबी दिसले तर दुसरं. पुढची सगळी वाट या एका उत्तरावर ठरते. आणि तेच उत्तर सर द्यायचे नाहीत. डोळा लावून खूप वेळ बघायचे, चाक पुढेमागे फिरवायचे, मग मान वर करून म्हणायचे, "हं. पंच गोळा कर."

पंच म्हणजे स्लाइड ज्याची तो आणि आणखी दोघे, असे तीन. एकेकाने बघायचं, सरांच्या उजव्या कानाशी जायचं आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने रंग सांगायचा. सर डोळे मिटून ऐकायचे. तिघांचं जुळलं की वहीत तिघांची नावं आणि खाली सरांची सही. नाही जुळलं तर स्लाइड धुऊन पुन्हा पहिल्यापासून. आम्ही याला पंचनामा म्हणायचो. नवीन मुलींना पहिले दोन आठवडे हसू आवरायचं नाही. खालच्या गाडीवर वडापाव खाऊन वर आलेल्याला सर आधी चूळ भरायला पाठवायचे, कारण लसणाची चटणी कानापर्यंत पोचते असं त्यांचं म्हणणं होतं.

कॉलेज परळला. आमची लॅब तिसऱ्या मजल्यावर. समोर पूर्वी गिरणी होती, आता काचेचा टॉवर आहे आणि दुपारी चारनंतर त्याच्यावरचं ऊन उसळी मारून थेट आमच्या मायक्रोस्कोपात येतं. त्यासाठी सरांनी घरून एक जुनी चादर आणून खिडकीला लावली होती. मी घोडपदेवहून यायची. आमच्याकडे मायक्रोबायोलॉजी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे चाळीत कुणालाच कळलेलं नव्हतं. आईला थोडंफार कळलं होतं. ती म्हणायची, "गो, थंय किडेच बघतंस मां? मगे आधी हे तांदळातले बघ."

सर कायम पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि काळी पॅंट घालायचे. त्यांच्याकडे असे सात शर्ट आहेत की एकच आहे, यावर आमच्यात पैजा लागायच्या. एका शिक्षकदिनाला आम्ही वर्गणी काढून दादरहून त्यांना एक झकास कुर्ता आणला. सरांनी तो उलगडून हातभर लांब धरला आणि विचारलं, "हा कोणता रंग म्हणायचा?"

"मोरपंखी, सर," सायली म्हणाली. सायली माझ्या शेजारच्या बेंचवर बसायची.

"कशावरून?"

सायलीने नुसतं कुर्त्याकडे बोट दाखवलं. मग सरांनी पंच गोळा केले. एकीने मोरपंखी सांगितलं, दुसरीने हिरवा, तिसरीने निळा. "जुळलं नाही," सर म्हणाले, कुर्त्याची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवला. आम्ही पोट धरधरून हसलो. तो कुर्ता त्यांच्या अंगावर कधी दिसला नाही.

त्यांच्या बाटल्यांवर ठळक काळ्या अक्षरात मराठी नावं असत: जांभळं, आयोडीन, दारू, लाल. दारू म्हणजे अल्कोहोल. पुस्तकातली नावं कुणी लिहिली तर ते खोडत नसत, खाली आपलं नाव लिहीत. पण एखादीने चिठ्ठी न वाचता नुसत्या रंगावरून बाटली उचलली तर मात्र त्यांचा आवाज चढायचा. तीन वर्षांत मी त्यांना फक्त याच गोष्टीवरून चिडलेलं पाहिलं. "बाटली वाचायची असते, बघायची नसते," असं ते म्हणायचे.

या चार बाटल्यांत घात करते ती दारू. पहिल्या बाटलीचा जांभळा रंग सगळ्यांनाच लागतो. दारू ओतली की ज्यांचा धुऊन जातो ते एक घराणं, ज्यांचा टिकतो ते दुसरं. जास्त वेळ ओतली तर टिकणाऱ्यांचाही धुऊन जातो, मग शेवटच्या बाटलीतला लाल रंग चढतो आणि जांभळ्या घराण्यातला सज्जन गुलाबी होऊन बसतो. किती वेळ ओतायची यासाठी पुस्तकात सेकंद दिलेले आहेत. सरांचा हिशोब वेगळा. दारू ओतली की बेचा पाढा एकदा म्हणायचा, बे दाहे वीस झालं की पाणी सोडायचं. त्यामुळे आमच्या लॅबमध्ये दुपारभर वीसबावीस वर्षांच्या मुली बे एके बे पुटपुटत उभ्या दिसायच्या. बाहेरून कुणी आलं तर बालवाडीत आलो की काय असं वाटावं.

तिसऱ्या वर्षाला प्रत्येकीला एक अनोळखी नळी मिळायची. नळीत एक जिवाणू, वर नुसता नंबर. तीन आठवड्यांत तो कोण ते शोधून काढायचं. इतर कॉलेजांत या नळ्या फ्रीजमधल्या ठेवणीतल्या असतात, वर्षानुवर्षं त्याच, आणि उत्तरं वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे वारशाने येतात. सरांना ते मान्य नव्हतं. ते दर वर्षी नवे जिवाणू धरून आणायचे. चष्म्याच्या जुन्या डबीत निर्जंतुक कापसाच्या काड्या घालून हिंडायचे. गिरगावात राहायचे, बसने यायचे आणि वाटेत भायखळ्याला उतरून भाजीबाजारात शिरायचे. तिथे बटाट्याच्या मातीवर, केळीच्या पानावर, नारळाच्या शेंडीवर काडी फिरवायचे. एकदा मी भाजी आणायला गेले असताना ते मला तिथे दिसले. भाजीवाली कमरेवर हात देऊन म्हणत होती, "ओ काका, घ्यायचा तर घ्या ना. पुसता काय?"

सरांनी मग बळेच एक टोमॅटो उचलला आणि तिला विचारलं, "हा लाल आहे ना?"

"लाल नाय तर काय निळा हाय?"

सर म्हणाले, "बरं, मग अर्धा किलो दे." मला वाटलं, तिची फिरकी घेतायत. दुसऱ्या दिवशी मी हा किस्सा वर्गात रंगवून सांगितला.

नळीतल्या जिवाणूला ते पाहुणा म्हणायचे. "दारात आलेल्या पाहुण्याला आधी नाव विचारतेस की पाणी विचारतेस?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. म्हणजे आधी तो दिसतो कसा ते बघ, त्याला काय खायला आवडतं ते बघ, कोणती साखर खातो, खाऊन आंबट करतो की गॅस सोडतो ते बघ. नाव सगळ्यात शेवटी. "एकदा का नाव मनात बसलं, की मग तू पाहुण्याकडे बघत नाहीस, नावाकडे बघतेस." वहीत खाडाखोड चालायची, पण पांढरी शाई लावायची नाही. चूक खाली वाचता आली पाहिजे, अशी एकच रेघ मारायची.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय सरांचं चित्र पुरं होत नाही, आणि ती सांगायला मला इतकी वर्षं जड गेली आहे.

माझी नळी चौदा नंबरची. पहिल्या दिवशी मी स्लाइड केली, दारू ओतली आणि पाढा सुरू केला. बे साहे बारापर्यंत आले तोच पलीकडच्या बेंचवरच्या निकिताने विचारलं, "ए, तुझ्याकडे माचिस आहे काय गं?" मी माचिस दिली आणि पाढा पुन्हा पहिल्यापासून म्हटला. दारू तोवर वाहतच होती. स्लाइड गुलाबी आली. मला त्यात काही खटकलं नाही. मी गुलाबी घराण्याच्या वाटेला लागले, दोन आठवडे त्यांच्याच चाचण्या केल्या. निम्म्या जुळल्या, निम्म्या जुळल्या नाहीत. न जुळणाऱ्यांना मी कारणं शोधली. साखर जुनी असेल, इन्क्युबेटर नीट तापला नसेल. नाव माझ्या मनात केव्हाच बसलं होतं, वहीत छान अक्षरात लिहूनही झालं होतं.

वही देण्याच्या दिवशी नियमाप्रमाणे ताजी स्लाइड करून पंचनामा करायचा होता. या वेळी मी पाढा नीट म्हटला. डोळा लावला. सगळ्या कांड्या, म्हणजे माझे काडीसारखे लांबट जिवाणू, जांभळ्या होत्या, अगदी वांग्यासारख्या. आणि प्रत्येक कांडीच्या पोटात एक कोरा पांढरा ठिपका होता. त्याला बीजाणू म्हणतात. पहिल्या दिवशी नळी ताजी होती, तेव्हा तो नव्हता. काही जिवाणू संकटकाळासाठी आपल्या पोटात असं टणक बी धरून ठेवतात, आणि असं बी धरणारे आम्ही शिकलो ते सगळे जांभळ्या घराण्यातले. मातीत राहणारे. माझा पाहुणा बटाट्यावरून आलेला होता. दोन आठवडे मी दुसऱ्याच कुणाचं तरी चरित्र लिहीत होते.

अर्धा तास उरला होता. खरं तर एक रेघ मारून, चूक झाली असं लिहून वही दिली असती तर सरांनी मला नापास केलं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण चाळीस पानांची वही, त्यातल्या त्या आकृत्या, ते अक्षर. मला ते मोडवेना. मी सायलीला आणि निकिताला म्हटलं, "गुलाबी सांगा."

"काय आहे पण?" सायलीने विचारलं.

"काही का असेना. गुलाबी सांगा ना यार."

त्यांनी डोळा लावल्यासारखं केलं. आमच्यात तेव्हा ते सर्रास चाललेलं होतं. मी तुझी पंच, तू माझी पंच. आधी घाईत कधीतरी न बघता सांगितलं, मग तेच वळण पडलं. एकेक करून आम्ही सरांच्या कानाशी गेलो. गुलाबी. गुलाबी. गुलाबी.

सर मायक्रोस्कोपाशी बसले. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. चाक पुढे फिरवलं, मागे फिरवलं, स्लाइड सरकवून दुसरीकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नक्की ना?"

"हो, सर."

त्यांनी सही केली. मला इतकं हलकं वाटलं की मी निकिताला खाली नेऊन कोल्ड्रिंक पाजलं.

दोन आठवड्यांनी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. दुसऱ्या कॉलेजातून परीक्षक आल्या होत्या, शांत, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी सहज म्हणून स्लाइडच्या डब्यातून एक स्लाइड काढली. ती चौदा नंबरची निघाली. त्यांनी बघितली, माझी वही उघडली आणि सरांना हाक मारली.

"सर, ही सही तुमची?"

"हो."

"वहीत गुलाबी आहे. स्लाइड तर जांभळी दिसतेय."

सर उठून आले. डोळा लावला. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. त्यांनी कितीतरी वेळ पाहिलं आणि सरळ होऊन म्हणाले, "माझी चूक झाली."

"वर मुलींची नावं आहेत म्हणा," बाई म्हणाल्या. "मुली काय, चुकतात. पण सही तुमची आहे ना."

"हो, सही माझी आहे."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला बोलायला फार तर चार शब्द लागले असते. मी ते बोलले नाही. मी फाइल छातीशी धरून उभी राहिले आणि मनातल्या मनात म्हणत होते की आता दुसरी वही उघडा, दुसरी वही उघडा. माझे काही गुण कापले गेले, पण मी पास होणार हे उघड होतं.

परीक्षक बाईंनी शेरा लिहिला की सह्या न तपासता होत आहेत. आठवड्याभरात नोटीस बोर्डावर पुढल्या वर्षाचं वेळापत्रक लागलं. प्रॅक्टिकलच्या खान्यात सरांचं नाव नव्हतं. त्यांना फक्त वर्गातली लेक्चरं होती. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती आणि ज्या माणसाला लॅबशिवाय दुसरं काही नव्हतं त्याची लॅब गेली होती. त्या संध्याकाळी ते खिडकीवरची चादर काढून घडी करत असलेले मला दिसले. मी दारातूनच परत फिरले. रात्री जेवण गेलं नाही. आईने विचारलं, "काय गो, नापास झालंस?" मी म्हटलं, नाही, पास झाले.

रविवारी मी गिरगावला त्यांच्या घरी गेले. जुन्या वाडीतली चाळ, दुसरा मजला, गॅलरीत कुंड्या. दार त्यांच्या थोरल्या बहिणीने उघडलं. सर दूध आणायला गेले होते. सगळे त्यांना ताई म्हणतात असं त्यांनीच मला सांगितलं आणि वर्तमानपत्रावर पसरलेल्या मेथीच्या जुडीपुढे मला बसवलं.

"निवडता येते ना? बरं झालं आलीस. याला बसवून काही उपयोग नाही. हिरवं पान नि पिवळं पान, याला दोन्ही सारखंच. लहानपणी एकदा आईने आंबे बघायला सांगितले, तर सगळे कच्चे काढून ठेवलेन."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय, रंग नाही ना दिसत त्याला. जन्मापासून." ताई माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या. "तुम्हा मुलांना माहीत नाही होय?"

माझ्या हातात मेथीची काडी तशीच राहिली. तेवढ्यात सर दुधाची पिशवी घेऊन आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं.

मी उभी राहून सगळं एका दमात सांगून टाकलं. स्लाइड जांभळी होती, मला दिसलं होतं, मी दोघींना खोटं सांगायला लावलं. रडणार नाही असं ठरवून गेले होते, तरी रडले. सरांनी पिशवी ताईंकडे दिली आणि म्हणाले, "आधी बस. चहा घे."

चहा होईपर्यंत ते गॅलरीकडे बघत बसले. मग आपणहून बोलले. "मला जास्त गडद, कमी गडद एवढं कळतं. तेही दोन शेजारी ठेवल्या तर. मी शिकत होतो तेव्हा बेंचवर शेजारी एक जण होता. त्याला मायक्रोस्कोप नीट लावता यायचा नाही. मी लावून द्यायचो, तो मला रंग सांगायचा. नोकरी लागली तेव्हा कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण एकाच्या शब्दावर कधी सही केली नाही. तीन केले."

"सर, मी उद्या मॅडमना जाऊन सांगते." मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख.

"सांग. तुझं सांग. माझ्या डोळ्यांचं सांगू नकोस. विचारलं तर म्हण, सरांनी घाईत न बघताच सही केली."

"पण तुम्ही बघितलं होतं."

"बघितलं होतं. पण हे बाहेर आलं तर तीस वर्षांतल्या सगळ्या मुलांच्या वह्या संशयात येतील. माझं काय, निष्काळजी म्हणतील. म्हणू देत." मग ते म्हणाले, "मी येतो उद्या तुझ्याबरोबर. एकटी जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मॅडमच्या समोर बसलो. मॅडम स्वतः कधीकाळी सरांच्या विद्यार्थिनी, त्यामुळे सर आत आले की अजूनही अर्धवट उभ्या राहायच्या. मी जे घडलं ते सांगितलं. सायली आणि निकिताची नावं वहीत होतीच, ती लपवण्यात अर्थ नव्हता. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एक मला कळत नाही," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही तिघींनी खोटं सांगितलं, ठीक आहे. पण सरांनी स्वतः स्लाइड बघितली होती की नाही?"

मला सगळं पाठ होतं. नाही मॅडम, सर घाईत होते. एवढंच म्हणायचं होतं. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. सरांचं एवढं नुकसान एका खोट्याने केलं होतं, आणि आता त्यांना वाचवायला दुसरं खोटं. मी मॅडमच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले.

"बघितली होती," सर म्हणाले. "हिला आणखी एक खोटं सांगायला लावू नका. मला रंग दिसत नाहीत, मॅडम. जन्मापासून."

 मॅडमना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या सावकाश म्हणाल्या, "म्हणजे सर, मी जे तुमच्या कानात येऊन सांगायचे..."

"त्याच्यावर मी सही करायचो."

"आणि मी चुकीचं सांगितलं असतं तर?"

"तू नेहमी खरं सांगायचीस," सर म्हणाले. मॅडम विभागप्रमुख झाल्यापासून सर त्यांना कटाक्षाने अहोजाहो करायचे. त्या दिवशी ते विसरले.

 शेवटी त्यांनी जे ठरवलं ते मला आजही रास्त वाटतं. माझे त्या प्रॅक्टिकलचे गुण रद्द, सहा महिन्यांनी पुन्हा बसायचं. सायली-निकितालाही समज मिळाली. सरांचं सांगताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सही आता माझी राहील, सर. ती तुम्हाला देता येणार नाही. पण लॅबमध्ये तुम्ही या. तुमच्याशिवाय यांना शिकवणार कोण?" जुन्या वह्यांचा विषय त्यांनी काढला नाही. त्यातल्या कितीतरी वह्यांवर पंच म्हणून त्यांचंच नाव असणार.

आम्ही बाहेर पडलो. सर जिना उतरायला लागले, मी त्यांच्या मागे. मला वाटत होतं, ते आता माझ्याशी कधी बोलणार नाहीत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले. खाली वर कुणी नाही असं बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक विचारायचं होतं. काल घरीच विचारणार होतो, धीर झाला नाही."

"विचारा ना, सर."

"त्या कांड्यांच्या पोटात पांढरा ठिपका होता का? की मला उगाच दिसला?"

"होता, सर. सगळ्यांत होता. बीजाणू होते."

त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "होता ना," ते म्हणाले. एवढं आनंदलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "अगदी स्वच्छ दिसत होता मला. दोन्ही वेळेला."

"मग सर, ते गुलाबी नसणार हे तुम्हाला तेव्हाच कळलं असेल."

"कळलं होतं."

"मग सही का केलीत?"

"तुम्ही गुलाबी सांगितलंत. म्हटलं, रंग तर कधी दिसलेच नाहीत, आता आकारही नसलेले दिसायला लागले. तेव्हापासून डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आलो. तो म्हणाला, काही झालेलं नाही, रंग सोडले तर डोळे उत्तम आहेत."

"मग?"

"मला पटेना," सर म्हणाले. "तो एकटा होता गं. तुम्ही तिघी होतात."